कादंबरीतली बाई मी मरू दिली नाही

मला पापड लाटता यायचे नाहीत, अजूनही येत नाहीत. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या ओसरीत पापड लाटायला जमायच्या. माझा पहिलाच पापड पाहून शेजारच्या काकूंनी हात जोडले. "तू लाटू नको माय. गोष्ट सांग."

गल्लीत तेव्हा एकच रेडिओ, तोही दुपारी बंद. मी बी.ए.ला होते, अभ्यासाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. तीच सुरू केली. पण मे महिन्यात नागपुरात विलायतेचं धुकं कोणाच्या गळी उतरणार? म्हणून हवेली काढून सावनेरची कापसाची जिनिंग मिल घातली, घोडागाडीची एसटी केली आणि नाचाऐवजी नायक-नायिकेला सीताबर्डीला साडीच्या दुकानात भेटवलं. बायकांची लाटणी थांबायची. काकू ओरडायच्या, "हात चालू द्या वं!"

काकूंची मुलगी मात्र मान खाली घालून लाटत राहायची. तिला पारशिवनीचा मुलगा पाहून गेला होता आणि तिला तो फार आवडला होता. महिना झाला, निरोप नाही. काकूंचा बाणा असा, की मुलाकडच्यांनीच कळवायचं, आपण विचारायला जायचं नाही.

मूळ कादंबरीत नायिका पत्राची वाट पाहत झुरून मरते. मी तिथवर आले, तर त्या मुलीनं मान वर केली. "मग? आलं का पत्र?"

माझी हिंमतच होईना. म्हटलं, "नाही आलं. मग हिनंच लिहिलं."

आठ दिवसांनी काकू लाटणं घेऊन दारात! "तुह्या त्या बाईपायी माह्या पोरीनं त्याले पत्र टाकलं! आता लोकाईले काय तोंड दाखवू?" तिचं लग्न मोडलं असतं तर ते माझ्यामुळे.

रविवारी तो मुलगा एकटाच एसटीनं आला. काकूंसमोर चाचरत म्हणाला, "मी तं पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं. बाबाच म्हणून राहिले, मुलीकडचे विचारायले येतील तवा सांगू."

लग्नात काकूंनी मला आग्रह करकरून पापड वाढले.

पुढे तिनं बाहेरून बी.ए. करायला घेतलं. अभ्यासाला तीच कादंबरी! माहेरी आली ती पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे, रडून डोळे लाल. "मरते नं वं ती! तू खोटं काहून सांगितलं?"

मी माफी मागू लागले. तिनं माझा हात घट्ट धरला.

"खरं सांगितलं असतं, तं मीबी वाटच पाहत बसली असती."