स्वेटर घातलेली बरणी

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. चाळीस वर्षं शिडीवर गेली, पण एक अक्षर कधी ओळीबाहेर गेलं नाही. बोलण्यात मात्र भारी कंजूस. शेजारच्या काकू म्हणतात, "तुझा नवरा अक्षरामागे पैसे घेतो ना, म्हणून तोंडातलं एकही फुकट सांडत नाही!"

त्यांना नाद एकच, वाइनचा. मागच्या भिंतीवर वेल आहे. द्राक्षं काळीभोर, पण आंबट ढाण. पाखरंसुद्धा चोच लावून उडून जातात. "देवानं ही कशाला दिली असतील?" असं मीच एकदा म्हणाले आणि ह्यांनी ते मनावर घेतलं. द्राक्षं चुरगळून काचेच्या मोठ्या बरणीत भरायची, झाकणातून रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. आत आंबायला लागलं की पाण्यात बुडबुडे येतात, बुडुक बुडुक. बरणी मागच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी असते. त्या वस्तूला माझा हात लागणार नाही, असं मी देवाला सांगितलं होतं. ह्यांनी त्यावरून मला कधी टोकलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या लाल वाइनला हौशी लोकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "हिच्यात केलंत तरी काय?" हे म्हणाले, "काही नाही."

यंदा थंडी लवकर पडली आणि सहाव्या दिवशी बरणी गप्प झाली. हे दोन दिवस तिच्यासमोर स्टूल टाकून बसून होते. औषधाच्या दुकानाची पाटी अर्धवट पडली. काल सकाळी माझा जप चालू असताना दारात येऊन म्हणाले, "ओतून टाकतो. ती बक्षिसाची एक नशिबानं साधली. मला काही येत नाही."

"मला येत नाही" हे त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी उठले, त्या सालची वही काढली आणि पुढ्यात ठेवली. रोज चार ओळी लिहायची माझी सवय. हे ओळींवर बोट ठेवून वाचू लागले.

"ह्यांच्या ऑपरेशनला चार दिवस झाले. मागच्या खोलीतला आवाज बंद पडलाय. मनात भलतंसलतं येतं."

"राहवलं नाही. बरणी पायपुसण्यावर ठेवून ओढत शेगडीजवळ आणली. ह्यांचा स्वेटर घातला तिला. देवा, शब्द मोडला, माफ कर."

"पहाटे बुडुक झालं. दुपारी दवाखान्यातून फोन, हे उठून बसले."

ते घरी यायच्या आदल्या दिवशी मी बरणी जागेवर नेऊन ठेवली होती.

ह्यांनी वही मिटली. "म्हणजे स्वेटरवरचा तो लाल डाग..."

"रंगाचा आहे म्हणाले होते ना मी."

"रंगाचा धंदा माझा. मला वाटलं, माझा स्वेटर घालून चोरून प्यायलीस."

"अगंबाई! मी? आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलायचं काय? आवडली असेल, म्हणून पुढच्या वर्षी जास्त केली."

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

मग दोघांनी मिळून बरणी ओढत आणली. हे अंगातला स्वेटर काढायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या, खोकताय किती!" आणि माझी शाल बरणीला गुंडाळली. देवाची माफी या खेपेला मागितली नाही. त्याला सगळं ठाऊकच आहे.

आज सकाळी मी जपाला बसले होते. हे दारात ब्रश धूत होते. शेगडीजवळ एकदाच आवाज झाला, बुडुक.

"ऐकलंस?"

माळ न थांबवता मी नुसती मान हलवली. ह्यांनी ब्रश झटकले, शिडी खांद्यावर घेतली आणि औषधाच्या दुकानाकडे निघाले.