यंत्र थांबेपर्यंत

पंखा बंद करून रूथबाई लगेच खोलीबाहेर पडत नसत. बटण दाबायचे, पदर सारखा करायचा आणि मान वर करून पात्यांकडे बघत उभे राहायचे. पाती हळूहळू वेगवेगळी दिसू लागत, मग रेंगाळत, शेवटी एखादे पाते जरासे मागे सरकल्यासारखे करून गप्प होई. तेव्हा कुठे बाई चपला पायात सरकवत. दारात ताटकळलेल्या माणसाने मध्येच काही विचारले तर उत्तर मिळत नसे. पाती थांबली की मात्र त्या वळून म्हणत, ‘‘हां, आता बोल.’’

ही सवय त्यांना सेंट्रिफ्यूजने लावली होती. पाथर्डीच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला जाळीच्या खिडकीची एक खोली होती. तीच आमची प्रयोगशाळा. खिडकीशी सूक्ष्मदर्शक, भिंतीशी बाटल्यांची फळी, आणि मधल्या दणकट टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवलेले ते हाताने फिरवायचे यंत्र. एका बाजूला मूठ, वर दोन दांडे, दांड्यांना लोंबणाऱ्या दोन धातूच्या नळ्या. त्यांत काचेच्या नळीतला नमुना ठेवायचा आणि मूठ फिरवायची. दांडे आडवे होऊन गरगर फिरू लागत आणि नमुन्यातले जे जड असेल ते तळाला जाऊन बसे. तो तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आजार काय ते दिसे. ‘‘घुसळल्यावर लोनी वर येतं,’’ बाई पेशंटांना सांगत, ‘‘हितं जड त्ये खाली बसतं. एवढाच काय तो फरक.’’

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी नगरहून बी.एस्सी. होऊन तिथे नोकरीला लागले. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा पांढरे लुगडे नेसलेल्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या एक बाई पाठमोऱ्या उभ्या राहून मूठ फिरवत होत्या आणि मोकळ्या आवाजात देवळातले गाणे म्हणत होत्या. देऊळ म्हणजे त्यांचे, ख्रिस्ती मंडळींचे. ‘‘मी कुमुद—’’ असे मी सुरू केले, तर मागे न बघताच त्यांनी डाव्या हाताचे बोट वर केले. मी गप्प झाले. गाणे संपले. त्यांनी मुठीवरचा हात काढला. यंत्र आपल्याच वेगात फिरत राहिले, मंदावले, थांबले. मग त्या वळल्या. ‘‘हां, आता बोल. कोन तू?’’

गाणे हे त्यांचे घड्याळ होते. भिंतीवर खरे घड्याळ होते आणि ते बरोबर चालायचे. पण बाईंचे म्हणणे असे, की ‘‘घड्याळाकडं बघत फिरवलं की हात कमी-जास्त होतो. गान्यात न्हाई होत.’’ गाणे नेहमी तेच, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकाच लयीत. दवाखान्यातल्या सगळ्यांना ते पाठ झाले होते. आमच्या सिस्टर बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना सांगत, ‘‘अजून दुसरंच कडवं चाललंय, बसा जरा.’’ वॉर्डात कुणी फार आजारी असेल तर बाई आवाज खाली आणत, पण लय कधी वाढवली नाही. गाणे संपल्यावर यंत्र थांबेपर्यंत ते कुणी हाताने अडवायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ‘‘त्याचं त्याला थांबू दे,’’ एवढेच त्या म्हणत.

तिसरा नियम जोडीदाराचा. एका बाजूला नमुना ठेवला की समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाची नळी हवी, नाहीतर यंत्र थरथरते, टेबल चालू लागते. नमुना एकटाच असेल तर समोरच्या नळीत साधे पाणी घालायचे. बाई तिला ‘जोडीदार’ म्हणत आणि दोन्ही नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरून पारखत. त्यांचे यजमान मिशनच्या गाडीवर ड्रायव्हर होते, ते ऐन तरुणपणी वारले. सिस्टरने एकदा थट्टेत विचारले, ‘‘बाई, तुम्ही पुन्हा लग्नाचं मनावर नाही घेतलं ते?’’ बाई नळ्या विसळत होत्या. म्हणाल्या, ‘‘माज्या समोर देवानं पानी घातलंय. चाललंय की. थरथरते का मी?’’ सिस्टर हसल्या आणि मग विसळलेल्या नळ्या पुसू लागल्या.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून विजेवरचे सेंट्रिफ्यूज आले. झाकण, बटण, सगळे नवे. डॉक्टरांनी नारळ फोडला. मला वाटले, बाईंना ते आवडायचे नाही. पण त्या नव्या सुनेचे कौतुक करावे तशा त्याच्याभोवती फिरल्या. ‘‘ब्येस हाय. हाताला सुट्टी. ह्येला गानं तेवढं येत न्हाई.’’ आणि त्या यंत्रासाठीही त्या गाणे म्हणू लागल्या. मात्र पाथर्डीत तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची आणि सांगितल्याशिवाय जायची. त्यामुळे जुन्या यंत्राचा स्क्रू कधी सैल झाला नाही.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. त्या दिवसांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक भरभरून निघाल्या होत्या. असाच एक ट्रक दवाखान्यासमोर थांबला आणि त्यातून हौसा नावाच्या एका तरुण बाईला उतरवले. ती गरोदर होती, दिवस बरेच भरत आले होते. अंगात ताप, आणि कमरेत कळ अशी की सरळ उभे राहवत नव्हते. बरोबर नवरा भिवा आणि भिवाचा थोरला भाऊ गंगाराम. हा गंगाराम टोळीचा मुकादम होता. ‘‘शिणवटा हाय डॉक्टर, बाटली द्या एखादी,’’ तो म्हणाला, ‘‘आमाला सांजच्याला फडावर पोचायचंय.’’

डॉक्टरांनी हौसाला तपासले. त्यांना मूत्रपिंडाला सूज असल्याची शंका आली. तसे असेल तर ट्रकमधून हलवायचे नाही, इथेच ठेवून रोज इंजेक्शने द्यायची, नाहीतर आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका. नमुन्यात काही सापडले नाही तर औषध घेऊन जाऊ दे. ‘‘रूथबाई सांगतील तसं,’’ ते म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले.

वीज नव्हती. बाईंनी हौसाच्या लघवीची नळी एका बाजूला ठेवली, समोर पाण्याचा जोडीदार ठेवला आणि गाणे सुरू केले. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. गाणे संपले, बाईंनी हात काढला, यंत्र अजून चांगल्या वेगात होते. तेवढ्यात मुकादम आत आला. ‘‘झालं न्हवं?’’ म्हणत त्याने पुढे होऊन मूठच धरली. आतले दाते करकरले आणि दांडे झटका खाऊन थांबले.

मी नळी काढून उजेडात धरली. तळाला बसलेला पांढुरका गाळ चुलीतल्या धुरासारखा वर चढत होता. आता बाई काय म्हणतात, या भीतीने मी त्यांच्याकडे पाहिले. त्या मुकादमाकडे बघत होत्या.

‘‘बसल्यालं उठवलंत तुमी, मुकादम. आता ह्यातला थेंब बघितला तर दिसंल न दिसंल. न्हाई दिसलं तर डॉक्टर म्हनतील, जा. मंग वाटंत तिला काय झालं तर?’’

‘‘मंग आता काय करावं म्हंता?’’

‘‘पुन्यांदा फिरवायचं.’’

‘‘बाई, टरक थांबलाय माजा! मान्सं खोळंबल्यात!’’

‘‘ऱ्हाऊ द्या. मूठ धरायची हौस हाय न्हवं? धरा. फिरवा तुमीच.’’

तो इतका चकित झाला की त्याने खरेच मूठ धरली. बाईंनी गाणे सुरू केले. त्याचा हात कधी पुढे, कधी मागे. कपाळाला घाम आला. ‘‘तुमचं गानं माज्या हाताला बसंना,’’ तो चिडून म्हणाला.

‘‘मंग तुमचं म्हना. गावात भजनाला बसता का न्हाई?’’

‘‘बसतो म्हंजी? पेटी वाजवतो मी!’’

‘‘मंग वाट कुनाची बघताय? पर मधी थांबायचं न्हाई, आन् घाई न्हाई करायची.’’

मुकादमाने घसा खाकरला. पहिली ओळ तोंडातल्या तोंडात म्हणाला, दुसरी जरा मोठ्याने. मग त्याचा हात सुरात आला आणि आवाज मोकळा झाला. खरेच गोड गळा होता त्याचा. टोळीतली माणसे खिडकीच्या जाळीशी जमली. कुणीतरी मागून ध्रुपद उचलले, दोघांनी टाळ्यांवर ठेका धरला. हॉर्न वाजायचा थांबला होता, कारण ड्रायव्हरही खिडकीशीच उभा होता. बाकावर आडवी झालेली हौसा एवढ्या दुखण्यातही पदराआड हसली.

अभंग संपला. ‘‘काढा हात,’’ बाई म्हणाल्या. तापल्या तव्यावरून काढावा तसा त्याने हात काढला. ‘‘आता?’’ बाईंचे बोट वर गेले. तो गप्प झाला. खिडकीतली माणसेही गप्प झाली. त्या शांततेत दांडे मंदावले, खाली झुकले, थांबले.

‘‘हां,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आता बोला.’’ मुकादमाने टोपीने कपाळाचा घाम पुसला.

तळाचा थेंब काचेवर घेऊन मी पाहिला, बाईंनी पाहिला, बोलावल्यावर डॉक्टरांनी येऊन पाहिला. पूपेशींनी भिंगाखालचे सगळे वर्तुळ भरले होते. शंकेला जागा नव्हती. बाईंनी मुकादमाला खुणेने बोलावले. ‘‘एक डोळा मिटा, दुसऱ्यानं बघा.’’

बराच वेळ त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तो म्हणाला, ‘‘ज्वारी पसरल्यावानी दिसतंय.’’

‘‘त्यो पू हाय. तिच्या पोटात हाय, म्हून कळ येती. शिणवटा न्हाई त्यो.’’

मुकादम स्टुलावर बसला. हौसाला ठेवावे लागणार हे त्याला पटले होते. अडचण दुसरी होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. थोड्या वेळाने तो भावाला म्हणाला, ‘‘भिवा, तिला ऱ्हाऊ दे हितं. तू चल. तुज्यासंगं दुसऱ्या कुनाला तरी लावतो.’’ भिवा मान खाली घालून भिंतीशी उभा होता.

बाई नळ्या धूत होत्या. समोरच्या नळीतले पाणी त्यांनी मोरीत ओतले आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘‘मुकादम, हितं मी समोर पानी घालून भागवते. मान्साचं तसं न्हाई भागत. मी बघितलंय.’’

मुकादम त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग उठला, टोपी झटकली. ‘‘ऱ्हा रं हितंच,’’ तो भावाला म्हणाला. ‘‘बरी झाली की तिला घिऊन गावाकडं जा. औंदा तुमचा कोयता नगं. फडाचं मी बघतो.’’ आणि दारातून मागे वळून, ‘‘बाई, अभंग बरा झाला न्हवं?’’

‘‘दुसऱ्या कडव्याला हात जरा पळाला,’’ बाई म्हणाल्या.

हौसा बरी झाली. उन्हाळ्यात ती मुलीला कडेवर घेऊन आली, भिवाच्या खांद्यावर दोन ऊस होते. बाईंनी ऊस दाताने सोलून खाल्ला आणि दिवसभर त्या खुशीत होत्या. मुकादमाचे तर पुढे ठरूनच गेले. दरवर्षी निघायच्या आधी ट्रक दवाखान्याशी उभा करायचा, टोळीत कुणाला ताप, कळ असेल त्याला स्वतः उतरवून आणायचे आणि दारातून विचारायचे, ‘‘बाई, फिरवायचं हाय का काई?’’ वीज असली तरी बाई त्याला जुन्या यंत्रावर फिरवू देत.

लग्नानंतर मी पाथर्डी सोडली. बाई निवृत्त होऊन नगरला भाचीकडे राहायला आल्या, तशा आमच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या. ऐंशी उलटल्यावर त्यांना ऐकू कमी येऊ लागले, पाय धरले, पण गाण्याची लय तशीच होती. शेवटच्या भेटीत त्या पलंगावर निजून होत्या. त्यांना गारठा लागत होता म्हणून भाचीने पंखा बंद केला. मला पुष्कळ बोलायचे होते, आणि एकदम डोळे भरून आल्याने मी घाईघाईने सुरुवातही केली. पांघरुणातून त्यांचे बोट वर आले. आम्ही दोघी पात्यांकडे बघत राहिलो. पाती थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘हां, आता बोल.’’ तोपर्यंत माझे रडू ओसरले होते. मी त्यांना मुकादमाचा अभंग आठवतो का, म्हणून विचारले. ‘‘पळाला हुता हात,’’ त्या म्हणाल्या आणि हसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. देवळातल्या प्रार्थनेच्या वेळी भाचीने मला चार शब्द बोलायला सांगितले. मी उठले नाही. मंडळींनी बाईंचे ते गाणे म्हटले आणि मी कडवी संपण्याची वाट बघत बसले. नंतर पुष्कळांनी विचारले, तुम्ही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या, इतकी वर्षे बरोबर काढलीत, काहीतरी लिहा. वही घेऊन बसले की सगळे गढूळ दिसायचे. मी वही मिटून ठेवायची. घाई केली नाही.

आज सकाळी वीज गेली. बाहेर जायचे होते, तरी मी पंख्याखाली थांबले. पाती वेगळी झाली, रेंगाळली, एक पाते किंचित मागे सरकले. ‘हां, आता बोल’ म्हणणारे घरात कुणी नव्हते. मग मी पायातल्या चपला काढल्या आणि टेबलाशी येऊन बसले. तळाला जे बसले आहे, ते हे.