फोटोत मला न दिसलेला दोरा

आधी माफी मागतो. या ग्रुपवर जाणती माणसं लिहितात, मी फक्त वाचतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. त्यात मी फिजिक्सचा विद्यार्थी... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण हे मनात ठेवून आता झोप लागत नाही.

माझं गाव पेठच्या पुढे, डोंगरात. नाशिकला इंदिरानगरमध्ये मी रोहित नावाच्या मित्राबरोबर खोली करून राहतो. दोन वर्षांपासून जुनी नाणी ऑनलाइन लिलावात घेतो-विकतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्याने गळ्यातल्या माळेतून एक जुना, चांदीचा राणी छाप रुपया काढून दिला. त्याची कडी तुटली होती. माळ काळ्या दोऱ्याची, आणि त्या रुपयाला लागून एकच हिरवा मणी.

"नाशकात कडी लावून आण. हरवू नको रं, माझ्या आयचा हाय."

"हरवतोय कशाला आत्या! लहान आहे का मी?"

खोलीवर येऊन भिंगातून पाहिलं, मग जुन्या लिलावांच्या नोंदींशी ताडून पाहिलं. तो प्रकार फार कमी सापडतो. मला लॅपटॉप हवा होता... एवढंच कारण. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं.

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका कारागिराकडून मी तुटक्या कडीची खूण घासून घेतली. त्याच राणीचा एक साधा रुपया विकत घेतला, त्याला कडी लावली आणि आत्याला नेऊन दिला. तिने तो माळेत ओवला, मला नागलीची भाकरी वाढली.

कडी लागलेल्या नाण्याला संग्राहक नाक मुरडतात. म्हणून लिलावात मी लिहिलं — 'दागिन्यात कधीही न वापरलेलं.'

दुसऱ्याच दिवशी कोलकात्याहून एकाचा मेसेज आला : 'फोटोत नाण्याला काळा दोरा दिसतोय. हे दागिन्यातलं आहे ना?'

मी फोटो मोठा करून पाहिला. पांढरा कागद, त्यावर रुपया. बस.

रोहितला दाखवला. तो म्हणाला, "दोरा बिरा काही नाही यार. भाव पाडायला बोलतात लेका, तू लक्ष देऊ नको."

मी तरी लिलावातून तो फोटो हटवला, दुपारच्या उन्हात नवा काढून लावला. संध्याकाळी चेन्नईच्या बाईंनी विचारलं, 'शेजारचा हिरवा मणी पण मिळेल का?'

मणी! तो तर गावी, आत्याच्या गळ्यात. रोहितलाही मी मण्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

तेव्हाच लिलाव थांबवता आला असता. मी थांबवला नाही.

रुपया सोलापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतला. पार्सल मिळाल्यावर त्यांचा फोन आला. "बाळ, नाणं उत्तम आहे. पण फोटोत दोरा होता, तो कुठाय?"

"सर, दोरा नव्हताच..."

"अरे, मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. असो. घरातलं होतं का?"

मी फोन ठेवला. आठवडाभराने धीर करून रुपया परत मागितला, तर त्यांनी तो पुढे कोणाला तरी देऊन टाकला होता.

एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांना ते कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही. कॅमेरा, प्रकाश, स्क्रीन — सगळं तपासलं. दोन्ही फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. मला त्यात काहीच दिसत नाही.

त्यानंतर मी गावी गेलो नाही. परीक्षा आहे, प्रॅक्टिकल आहे, असं सांगत राहिलो. परवा आत्याच्या मुलाचा, काशिनाथदादाचा फोन आला.

"घरी का येत नाय रं तू? आय रोज वाट बघते."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"आयला ठावं हाय," तो म्हणाला. "तू दिला त्याच दिशी बोटानं चाचपला न म्हणली, हा माझा नाय. मी तुला फोन लावत होतो, तर तिनं माझा हात धरला. म्हणली, त्याला बोलू नको, पोर लाजंल, मंग घरी यायचा नाय."