माझ्या बायकोची भाकर मोजणारी बाई

माझ्या बायकोच्या तेराव्याला माझ्याच घरात एक बाई माझ्यापेक्षा जास्त रडली. ती आमच्या नात्याची नाही, गावची नाही. नांदेडची मोठी डॉक्टरीण आहे. गाडीतून उतरली ती रडतच उतरली. लोकांनी उठून तिला जागा दिली, कुणी पाणी आणलं, कुणी पंखा तिच्याकडं फिरवला. ज्याची बायको गेली तो मी खांबाला टेकून बघत बसलो. एक म्हातारी मलाच म्हणाली, "जरा समजवा की तिला."

मी म्हटलं, "आन मला कोन समजवनार?"

जाताना ती बाई माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "दाजी, मला अक्कावर लिहायचंय. तुमची परवानगी पाहिजे."

"न्हाई," मी म्हटलं.

सुनेनं आतून डोळे वटारले. बाईला राग आला नाही. ती म्हणाली, "विचार करा. मी परत येईन."

विचार काय करायचा? माझी शाळा चौथीपर्यंत. ती लिहिणार ते चांगलंच लिहिणार. मग माझी बायको लोकांना हिच्या तोंडून कळणार आणि मी त्यात कुठंतरी भाकर खात बसलेला दिसणार. म्हणून तिच्या आधी मी वही घेऊन बसलो.

ही बाई गावात पहिल्यांदा आली तेव्हा लातूर जिल्हा नवाच होता. आमचं गाव जळकोटच्या अंगाला, डोंगरपट्टीत. सातबाऱ्याचे कागद लातूरला जायला लागले, पण दुखणी नांदेडलाच जायची, कारण एसटी तिकडची होती. लोक म्हणायचे, जिल्हा बदलला, पोटदुखी बदलली न्हाई. आणि त्यातच दुष्काळ पडला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. विहिरीत घागर खडकाला लागून वाजायची. गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर होतं. गडी खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या.

अशात ही पोरगी आली. तेव्हा पोरगीच होती, दोन वेण्या घालायची. नांदेडला डॉक्टरीची पुढची परीक्षा देत होती, त्यासाठी तिला गावोगाव अभ्यास करायचा होता. अभ्यास कसला, तर दुष्काळात घरातलं कोण किती खातं त्याचा. तोंडी विचारून भागत नव्हतं. ती सकाळी चूल पेटायच्या आधी यायची, पीठ तोलायची, भाकरी झाल्या की भाकरी तोलायची, प्रत्येकाच्या ताटात काय पडलं ते तोलायची, उरलं तेही तोलायची. संध्याकाळी भांडी घासून झाली की मग जायची. एका घरात सलग चार दिवस, आणि पुन्हा काही महिन्यांनी त्याच घरात. मुक्काम शाळेत.

चावडीवर तिनं समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, "बाई, आमचं खानं तोलता, मग हागनं बी तोलनार का?" सगळे हसले. ती पोरगी पण हसली आणि म्हणाली, "ते दुसऱ्या डॉक्टरकडं आहे." तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की ही सोपी नाही.

पहिलं घर आमचं निघालं. आता माझ्या घरात परकी बाई तराजू घेऊन बसणार आणि ताटात नुसती भाकर नि मिरची बघणार, हे मला कसं चालेल? मी भल्या पहाटे भावकीतल्या एकाकडून तुरीची दाळ आणली. शेजारणीनं शेंगदाणे दिले. कुणी गूळ दिला. चार दिवस आमच्या घरी असं जेवण झालं की तसं सुगीतही होत नव्हतं. पोरगी तोलून तोलून लिहीत राहिली. पाचव्या दिवशी ती शेजारी गेली, तर तिच्या आधी आमच्या घरातली उरलेली दाळ तिथं पोचली. मग पुढच्या घरी. गल्लीभर तराजूच्या पुढं पुढं दाळ फिरत होती. ज्याच्या घरात काहीच नव्हतं तोही पोरगीसमोर ढेकर देत होता. गावाची अब्रू होती ती. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी चुकलंही नाही.

दाळ देण्यात माझी बायकोही होती. पण त्या चार दिवसांत दुसरं एक झालं, ते मला आजपर्यंत पचलेलं नाही.

आमच्याकडं बायका मागून जेवतात. मी जेवून हात धुतला की मी बाहेर. तिचं जेवण मी कधी बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. पण पोरगीला तिचं ताट तोलायचं होतं, आणि कुणी समोर बसलं की बाई लाजून कमी खाते. म्हणून पोरगी म्हणाली, "दाजी, तुम्ही जरा बाहेर बसा." माझ्या बायकोला अक्का म्हणून तिनं मला न विचारता दाजी करून टाकलं होतं.

मी ओट्यावर बसलो. आतून आवाज यायला लागला. बोलायचा, मग हसायचा. माझी बायको हसत होती. पाट्या वाहून मान मोडलेली बाई आणि दिवसभराची धूळ अंगावर, आणि ती खळखळून हसत होती. मी दाराच्या फटीतून बघितलं. ती मांडी घालून बसली होती, पोरगीच्या गुडघ्याला गुडघा लावून. भाकरीचा तुकडा ठेच्यात दाबायची, डोळे मिटायची, खायची. बोटं चाटायची. मधेच एक घास तिनं पोरगीच्या तोंडात घातला.

"अवो अक्का, मी तोललं नाही ते!"

"तोल की मग आता. तोंड उघड, मीच तोलते."

आणि परत दोघी हसल्या. लग्न होऊन मला दहा-बारा वर्षं झाली होती. तिनं माझ्या तोंडात घास घातला तो लग्नातला, तोही करवल्यांनी हात धरून घालायला लावलेला.

दुसऱ्या दिवशी, पोरगी यायच्या आधी, मी शिळी भाकर पुढं ठेवून बायकोला म्हटलं, "बस, माझ्यासमोर जेव."

"आत्ता? कामाला जायचंय."

"जेव म्हनलं ना."

ती बसली. घास हातात धरून राहिली. तोंडात घातला तर गिळेना. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमच्यासमोर न्हाई उतरत. रागावू नका."

"आन तिच्यासमोर बरं उतरतं?"

"ती बघत न्हाई, तोलते."

मी उठून ओट्यावर गेलो.

पोरगीचा पहिला फेरा संपला. ती खूश होती. चावडीवर सांगायला लागली की या गावात दुष्काळाचा तितका परिणाम नाही, लोक बरं खातात, तसं मी लिहिणार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी बायको बायांच्या घोळक्यात उभी होती. ती पदर सावरून पुढं आली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "बाई, लिहू नगा. ती दाळ एकच होती."

पोरगीला आधी कळलंच नाही. मग माझ्या बायकोनं सगळं सांगितलं. दाळ कुणाची, कुठून कुठं गेली, आणि तिच्या मागं घरात काय उरलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. हात उचलला नाही, पण ओरडलो.

"घराची अब्रू परक्या बाईला विकली तू!"

"तिनं विचारलं, 'अक्का, तुझं पोट भरतं का?'"

"मग?"

"मग काय? कुनीतरी विचारलं."

पुढं गाव चार-सहा महिने तिच्याशी नीट बोलत नव्हतं. त्याचं तिला काही वाटलं नाही, कारण पोरगीनं आता तिला सोबतीला घेतलं. घरोघरी जाताना बाया पोरगीला खोटं सांगायच्या, माझ्या बायकोसमोर सांगता येत नव्हतं. पाझर तलावाचं काम सोडून ती तराजूची पिशवी काखेत मारून हिंडायला लागली. वजनं ओळखायला लागली. भाकर हातावर घेऊन सांगायची, एवढी भरंल म्हणून. मला सांगायची, "बाई असं म्हनतेत, बाई तसं म्हनतेत." उठता-बसता बाई. मी एकदा म्हटलं, "तिच्याशीच लगीन लावायचं होतंस." ती म्हणाली, "विचारलं न्हाई तिनं." आणि हसली. ते हसणं पण तिकडूनच शिकून आली होती.

शेवटी पोरगीनं जायच्या आधी मला सांगितलं, "दाजी, तुमच्या आणि अक्काच्या ताटात लई फरक आहे."

मी म्हटलं, "भाकरी कोन करतं? तीच. वाढतं कोन? तीच. मी म्हनलो का तुझी लहान कर म्हनून?"

ती म्हणाली, "नाही. तुम्ही काहीच म्हणाला नाही."

पास झाली ती. मोठी डॉक्टर झाली, नांदेडलाच राहिली, पुढं विष्णुपुरीकडं घर बांधलं. पण आमच्याकडं येणं सुटलं नाही. पंचमीला यायची. माझी बायको तिच्यासाठी आठवडाभर आधीपासून तयारी करायची. मी बाजारातून आलो तर पिशवी तपासायची, "तिला गवार आनली का?" मी मुद्दाम विसरायचो. आल्या आल्या दोघी आत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मी पोरांना म्हणायचो, "तुमच्या मायची सवत आली." पोरं हसायची. मी हसण्यासाठी म्हणत नव्हतो.

गेल्या साली बायकोची मूत्रपिंडं गेली. नांदेडला न्यावं लागलं. दवाखाना त्या बाईच्याच ओळखीचा. मी तिच्या घरी राहायला नको म्हणत होतो, पण दुसरी सोय नव्हती. तिथं बायको तिच्या पलंगावर, तिच्या चादरीत. बाई तिची लघवी मोजायची, पाणी मोजायची, खाणं मोजायची. माझ्यासाठी काही काम नव्हतं. मी औषधं आणायचो.

त्या दिवशी औषध एका दुकानात मिळालं नाही, म्हणून मी दुसऱ्या दुकानात गेलो, मग तिसऱ्या. परत आलो तर दारात चपला जास्त होत्या.

शेवटचा घास हिच्या हातचा गेला. संसार सगळा माझ्याबरोबर केला, आणि शेवटचा घास हिच्या हातचा. लोकांनी मला सांगितलं, नशीब, डॉक्टर जवळ होती. असेल नशीब. कुणाचं ते सांगा.

हे एवढं लिहून झालं आणि मी थांबलो. वाचून बघितलं. बायकोवर लिहायला बसलो होतो, तर जिथं बायको हसते, बोलते, खाते, तिथं ती बाई आहे. बाई नसलेल्या दिवसांत माझी बायको पाणी भरते, पाट्या वाहते, मला वाढते. बाकी मला आठवत नाही. आठवायला मी तिथं होतो कुठं, ओट्यावर होतो.

काल ती बाई परत आली. केस सगळे पांढरे झालेत तिचे, ते मी तेराव्याला बघितलं नव्हतं. सून चहा ठेवायला आत गेली. बाईनं परवानगीचं काढलं नाही. मीच विचारलं.

"त्या दिवशी काय खाल्लं तिनं?"

"पेज दिली होती मी. तांदळाची."

"खाल्ली?"

"चार-पाच चमचे."

"काही म्हनली?"

तिच्या उत्तराआधीच मी म्हटलं, "माझं नाव घेतलं असं खोटं सांगू नको. आमच्यात नाव घेत न्हाईत."

"नाही दाजी. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, 'अळनी हाय गं. मीठ घाल की.'"

मी खाली बघितलं. माझ्या घरात तिनं रांधलं, मीठ तिनंच घातलं, जास्त झालं तर मी ताट सरकवलं. पण तिला स्वतःला कसं लागलं, कमी की जास्त, हे एवढ्या वर्षांत ती मला एकदाही म्हणाली नाही. हिला म्हणाली. ऐटीत म्हणाली असणार, हक्कानं.

"मग घातलं का मीठ?"

"डॉक्टरांनी बंद केलं होतं दाजी. मीच बंद केलं होतं." आणि ती परत रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. या खेपेला पाणीही मीच आणून दिलं. सुनेला वाटलं, म्हातारा निवळला. मी निवळलो नव्हतो.

"लिही तुला काय लिहायचं ते," मी म्हटलं. "माझी ना न्हाई. पन पेज अळनी होती हे लिही. आन कुनी केली होती ते बी लिही."

ती डोळे पुसून म्हणाली, "लिहिते."

"मोठ्या अक्षरात," मी म्हटलं.