वीस जणांचं एक वाक्य

माझा भाचा बोलताना अडखळतो. लहानपणापासूनच. स्वतःचं नाव सांगताना तर सगळ्यात जास्त. पहिल्या अक्षरावर गाडी उभी ती उभीच. शाळेत पोरं त्याला 'टेपरेकॉर्डर' म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, घरातली मोठी माणसंही हसायची. मीही हसले आहे. देवापुढे कबूल केलंय, इथेही करते.

नोकरीसाठी बहिणीने त्याला माझ्याकडे पाठवलं. औषधांच्या होलसेल दुकानात लागला. मालकाने पहिल्या दिवशी फोनवर बसवलं, दुसऱ्या दिवशी मागच्या गोदामात. तिथे गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा बघायच्या आणि मुदत संपलेला माल वेगळा काढायचा. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलायला नको. मालकाला वाटलं, आपण पोराची सोयच केली.

गोदामातला एक हमाल त्याला एका दलाच्या मोर्चाला घेऊन गेला. 'बाहेरच्यांना हटवा' म्हणणारं दल. कोण बाहेरचे, कुठून बाहेरचे, भाच्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण घोषणा सुरू झाल्या, शे-दीडशे माणसांबरोबर ह्याने तोंड उघडलं, आणि शब्द धडाधड बाहेर! एकही अडकेना. सगळ्यांबरोबर एका सुरात बोललं की असं होतं, हे मला फार पुढे दवाखान्यातल्या, बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या दिवशी सांगायला दलाचा प्रमुख हजर होता. "बघ, आपल्या माणसांत आलास की जीभ कशी सुटते!"

घरी आला तो घसा बसलेला आणि चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा. मी पण खुळी, कौतुक करत बसले.

दलाची बैठक एका शिकवणीवर्गात भरायची, बालवर्गाच्या बाकांवर. गुडघे हनुवटीला लावून हे वीर समाज वाचवायचे. बेचाळीस सभासद, त्यात एकोणचाळीस पदाधिकारी. उरलेले तिघे नाराज. आमचा भाचा झाला संपर्कप्रमुख. फोन उचलायला घाबरणारा संपर्कप्रमुख! पण हसू तरी कशी? बावीस वर्षांत आम्ही त्याला कसलंच प्रमुख केलं नव्हतं.

मग प्रमुखाला शोध लागला, की आमच्या इमारतीच्या जिन्याखाली बसणारा चावीवाला बाहेरचा आहे. "आपल्या घरांच्या किल्ल्या बाहेरच्याच्या हातात!" बालवर्ग हादरला. चावीवाला तिथे अठरा वर्षं बसत होता. एक घासायचं यंत्र, दोन कानशी, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. 'आठ दिवसांत इथून ऊठ' हे त्याला सांगायचं काम अर्थातच संपर्कप्रमुखाकडे आलं.

शनिवारी मी भाजी घेऊन आले, तर हा त्याच्यासमोर उभा.

"का-का-काका, तु-तु..."

पुढे जाईना. मान ताठ, डोळे मिटलेले. चावीवाल्याने यंत्र बंद केलं, हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं. "बस बाबा. मला घाई नाही." आणि खरंच थांबला, ह्याच्या तोंडाकडे न बघता, हातातली चावी निरखत. पाच मिनिटं तरी झाली असतील. आम्ही घरच्यांनी त्याला कधी अर्धं मिनिट दिलं नाही. शेवटी हाच लालबुंद होऊन वर पळाला.

वर आल्यावर मी विचारलं, "त्याने तुझं काय घोडं मारलंय रे?"

"मा-मावशी, हे रा-राजकारण आहे."

"राजकारण आपल्याहून मोठ्याशी करावं. हा तर जिन्याखाली मावतो."

रविवारी सकाळी ह्याला धरून वीस जण आले. जिन्यापाशी मावेनात, अर्धे फुटपाथवर. प्रमुखाने हात वर केला आणि एका सुरात सुरू झालं, "आठ दिवसांत चालता हो! चालता हो!" त्यात माझ्या भाच्याचा आवाज सगळ्यात खणखणीत. मी वरून ओरडले, "अरे, बापाच्या वयाचा आहे तो!" पण ऐकतंय कोण? प्रत्येक मजल्यावर दारं जेवढी उघडली तेवढीच पटापट बंद झाली. ज्यांच्या किल्ल्या त्याने केल्या होत्या, त्यांचीच दारं ती.

चावीवाला उठून उभा राहिला. भाच्याला म्हणाला, "हेच होतं होय? काल म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी थांबलो होतो."

पोरं हसली. भाचा हसला नाही.

चावीवाल्याने आठ दिवस घेतलेच नाहीत. तासाभरात यंत्र हातगाडीवर चढवलं आणि जाताना एक पत्र्याचा डबा भाच्याच्या हातात दिला. त्यात चौदा किल्ल्या. लोकांनी करायला टाकलेल्या आणि न्यायला विसरलेल्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, कोणता मजला, कोणतं दार.

"ज्याच्या त्याला पोचव. दुसऱ्याची किल्ली आपल्याजवळ ठेवू नये."

प्रमुख म्हणाला, "संपर्कप्रमुख, हे तुमचं खातं." आणि एकोणीस जण चहाला गेले.

मी माझ्या दारात उभी होते. भाचा डबा घेऊन वर आला, समोरच्या दाराची बेल दाबली. शेजारच्या बाईंनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. ह्याने किल्ली पुढे केली.

"अगबाई! ही तर आमची. तुझ्याकडे कशी आली?"

"चा-चा..."

"कशी आली विचारतेय मी! आणि केव्हापासून आहे? अहो, जरा बाहेर या!"

आतून नवऱ्याच्या चपला वाजल्या. भाच्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

डब्यात अजून तेरा किल्ल्या होत्या.