चिडलेल्या बँडचा फोटो

गाणं सुरू होऊन अर्धं मिनिट झालं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि गिटार थांबली. गाणाऱ्या सुशांतनं माइक खाली घेऊन शर्ट नीट केला. मागून ड्रम वाजवणारा इरफान उठून उभा राहिला.

"ताई, मी दिसतोय का?"

नळदुर्गातलं एक मंगल कार्यालय, दुपारची वेळ, समोर खुर्च्यांवर ऐकायला आलेली गावातली माणसं. 'तटबंदी' या चार पोरांच्या रॉक बँडला पुण्याच्या एका महोत्सवाचा फॉर्म भरायचा होता. अट एकच: प्रत्यक्ष वाजवतानाचा फोटो. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. या वेळी निवड झाली नाही तर बँड बंद, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं.

"सुशांत, तू गा. माझ्याकडं बघू नको."

"हललं की फोटो बिघडतो. तूच म्हणली होतीस, अक्काच्या लग्नात."

खरं होतं. त्या लग्नात मी त्याला एकच पेढा तीनदा भरवायला लावला होता. लग्नं पोटासाठी. एरवी फोटो म्हणजे साक्ष, ती मांडून काढायची नाही, यावर मी स्वतः पत्रक छापून वाटलेलं आहे.

फ्लॅश वापरत नाही. त्यानं स्टेजचा रंग मरतो आणि माणूस आधार कार्डावरच्यासारखा दिसतो. मग शटर, म्हणजे कॅमेऱ्याची पापणी, जरा सावकाश मिटावी लागते. त्यात हलणारा माणूस पुसट येतो. इथं कुणीच पुसट येत नव्हतं.

कार्यालयाचे मालक पहिल्या रांगेतून ओरडले, "पोरांनो, फोटो उरकून घ्या आधी. मग वाजवा निवांत."

"वाजवल्यासारखं करतो की आम्ही," सुशांत म्हणाला.

"खोटा फोटो मी काढत नाही."

"फॉर्म सहाला बंद होतोय. खरं-खोटं सातला बघू."

पाच वाजत आले होते. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि म्हणाले, "बॅटरी संपली."

सुशांतनं माइक उचलला. "मंडळी, फोटोग्राफरताईंची बॅटरी संपलीया. कुणाकडं चार्जर हाय का?"

मोबाइलचे तीन चार्जर स्टेजपाशी आले. एकजण एक्स्टेन्शन बोर्डही घेऊन आला.

"लग्नाला दोन-दोन बॅटऱ्या घेऊन फिरतीस," इरफान भडकला, "आन् आमच्याच टायमाला?" त्यानं काठ्या ड्रमवर आपटल्या. गिटार त्यात घुसली. सुशांत स्टेजच्या कडेला येऊन, गळ्याच्या शिरा फुगवून, अख्खं कडवं माझ्या तोंडावर ओरडला. कॅमेरा छातीशी होता, स्क्रीन बंद, आवाज बंद. भिंग रुंद होतं, अख्खं स्टेज त्यात मावत होतं, त्यामुळे डोळा लावायची गरज नव्हती. मी नुसतं बटण दाबत राहिले.

साडेपाचला त्यांना फोटो दाखवला.

"म्हंजे बॅटरी होती?" इरफान म्हणाला.

"होती."

"खोटं बोललीस."

"मी बोलले. फोटो खरा आहे."

त्यानं फोटो नीट बघितला. "पण सगळे कॅमेऱ्याकडंच बघायलेत की."

फॉर्म वेळेत गेला. निवड झाली. महोत्सवानं तोच फोटो पोस्टरवर छापला आणि खाली लिहिलं, 'व्यवस्थेविरुद्ध पेटलेली तरुणाई'. व्यवस्था म्हणजे मी, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता बँडचं काम आलं की मी अर्धा तास लवकर जाते आणि आधी भांडण उकरून काढते. कॅमेरा नंतर.