भिमाजीरावांची टोपी

कुरुळीच्या भिमाजीरावांना आयुष्यात एकच गोष्ट नको होती : डोक्यावर साहेब. चाकणच्या कंपनीतून निवृत्त होताच त्यांनी चहाच्या एका साखळी-दुकानाची फ्रँचायझी घेतली. "आता मालक मीच हाय," असं गावभर सांगितलं. कराराला हळद-कुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. देवापुढचा कागद वाचायचा कशाला?

मग डोक्यावर टोपी आली. लाल, पुढे कपबशीचं चित्र. हसायचं कसं, कप भरायचा किती, सगळं चहा कंपनी ठरवणार. एक गिऱ्हाईक, एक कप. शिफ्ट सुटल्यावर कामगार येऊन "दोनात तीन" म्हणत, म्हणजे दोन चहा तीन कपांत, त्यालाही बंदी. भिमाजीराव चोरून देत. आपल्याच दुकानात चोरी करणारा दुसरा मालक माझ्या पाहण्यात नाही.

शेवटी वैतागून त्यांनी दुकान शेजारच्या गॅरेजवाल्या उमरला विकायचं ठरवलं. त्यांच्या पत्नी जयमालाबाईंनी करार देव्हाऱ्यातून काढून आधी काळेवाडीच्या वकीलबाई मंतशा यांच्याकडे नेला.

"काका, तुम्हाला परस्पर विकता येणार नाही," मंतशा म्हणाल्या. "कंपनीची लेखी संमती येईपर्यंत उमरभाईंकडून विसारसुद्धा घेऊ नका. आधी तपासणी होईल. एखादा नियम मोडलाय का?"

"न्हाई," भिमाजीराव म्हणाले.

"दोनात तीन," जयमालाबाई म्हणाल्या.

"मग ते आजपासून बंद. आणि करार घरी नेऊन वाचा. विशेषतः हस्तांतराचं कलम."

भिमाजीरावांनी तो घरी नेऊन पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला.

तपासणीसाहेब आले ते ड्रायव्हरला घेऊन. दिवसभर बसले. कामगारांना "दोनात तीन" मिळेना, तेव्हा एकजण म्हणाला, "काय राव, भाऊ मोठे झाले." निघताना साहेब मायेनं म्हणाले, "काका, दमलात. तुम्हीपण घ्या. दोनात तीन करा."

भिमाजीरावांचा हात किटलीकडे गेला आणि तिथेच थबकला. हा सापळा असला तर?

"आपल्याकडं तसं चालत न्हाई, साहेब. एक गिऱ्हाईक, एक कप."

साहेब खरंच मायेनं म्हणाले होते, हे नंतर ड्रायव्हरकडून कळलं. पण ते खूश झाले. आठवड्यात संमती आली, अटीसह : इतका शिस्तीचा माणूस सोडता येणार नाही, नव्या मालकाला तयार करायला त्यानं एक वर्ष दुकानातच राहावं.

"असं करता येतं व्हय?" त्यांनी मंतशांना फोन केला.

"हस्तांतराचं कलम, काका. विकणाऱ्यानं कंपनी म्हणेल तितके दिवस, जास्तीत जास्त वर्षभर, शिकवायचं. वाचलंत ना?"

भिमाजीरावांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. अट नाकारावी तर टोपी करार संपेपर्यंत, मानावी तर वर्षभर. त्यांनी वर्ष घेतलं.

परवा आम्ही तिघं गेलो, तर गल्ल्यावर उमर होता. मी सवयीनं म्हणालो, "भिमाजीराव, दोनात तीन."

त्यांनी उमरकडे पाहिलं. उमर म्हणाला, "द्या की, भाऊ. फक्त टोपी तेवढी सरळ करा."